माझे वडील डॉक्टर आहेत

आठवीच्या वर्गात 42 मुले होती आणि त्यांपैकी 31 जणांचे वडील डॉक्टर होते. उरलेल्यांपैकी काहींचे वडील अभियंते होते, दोघांचे बँकेत व्यवस्थापक होते. रविवारी ही सारी कुटुंबे बागेत फिरावयास जात असत आणि प्रत्येकाची आई प्रेमळ, कष्टाळू व स्वयंपाकात निपुण होती. तुमसरात खरोखरीच एवढे डॉक्टर असते तर रात्रीबेरात्री आजाऱ्याला घेऊन भंडाऱ्याकडे धाव घेण्याची पाळी आमच्यावर कधी आली नसती. निबंधाचा विषय होता 'माय फॅमिली'. वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन आम्ही बसलो होतो, बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत होता. तिसऱ्या वहीनंतर आम्हांला हसू फुटले. दहाव्या वहीनंतर ते ओसरले.

ही हकीगत 2022 सालची. टाळेबंदीमुळे मार्च 2020 पासून विस्कटलेली शाळा नुकती कोठे रीतसर भरू लागली होती. इंग्रजी शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, बदली शिक्षिका मिळेना, तेव्हा आठवीचा तास फादरांनीच घ्यावा असे सर्वानुमते ठरले. फादर म्हणजे इंग्रजी, अशी या गावाची भाबडी समजूत आहे. आम्ही येथे आलो त्या पहिल्याच आठवड्यात बाजारात जिरे-मोहरी मागितली, तर दुकानदार कौतुकाने म्हणाला, "फादर, तुमी मराठी चांगली शिकले!" आता त्या भल्या गृहस्थाला काय सांगावे? आम्ही वैजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात जन्मलो. आमची आजी जात्यावर बसून येशूबाळाच्या ओव्या गात असे आणि त्या ओव्यांतला गोठा आमच्याच गावच्या गोठ्यासारखा, शेणाने सारवलेला असे. इंग्रजीचे पहिले अक्षर आम्ही पाचवीत गिरवले. त्या काळी ती पाचवीपासूनच होती. पहिलीपासून इंग्रजी आली ती 2000 साली. परंतु गळ्यात क्रूस दिसला की माणसाची मायबोली आपोआप इंग्रजी ठरते, हा अनुभव वसई-नगरकडच्या आमच्या वाचकांनाही नवा नसावा.

त्या वाचकांसाठी तुमसरविषयी चार शब्द. नागपूरहून गोंदियाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भंडारा रोडनंतर तुमसर रोड लागते आणि तेथून तिरोडीकडे एक फाटा निघतो. त्या फाट्यावर आमचे गाव. याच मुख्य लोहमार्गाने 1893 च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असता डब्यातील एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. पुढचे सर्वश्रुतच आहे. तुमसर ही धानाची मोठी बाजारपेठ. दिवाळीनंतर बाजारसमितीच्या आवारात पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि भातगिरण्यांचा कोंडा सकाळच्या मिस्सेच्या वेळी वेदीवरच्या वस्त्रावर येऊन बसतो. तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगेनीजच्या खाणी आहेत. पलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा. त्यामुळे एकाच बाकावर झाडीबोली, पोवारी, हिंदी आणि क्वचित गोंडी बोलणारी मुले मांडीला मांडी लावून बसतात. झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र' होतो. डोळा तो डोरा. आरंभी आम्हांलाही हसू येत असे, हे कबूल करतो. पुढे साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा केलेला अभ्यास हाती आला आणि आमचे हसू आम्हांलाच लाजिरवाणे वाटू लागले.

असो. निबंधांकडे वळू.

सर्वांत सुवाच्य अक्षर होते खिडकीजवळच्या बाकावरच्या एका मुलीचे. 'माय फादर इज अ डॉक्टर' हे वाक्य तिने ठळक लिहून त्याखाली पट्टीने रेघ ओढली होती. तिच्या वडिलांना आम्ही ओळखत होतो. बाजारसमितीत हमाली करणारा हा गृहस्थ वर्षातून तीनदा फीचा हप्ता घेऊन येई आणि नोटा देण्यापूर्वी खांद्यावरच्या फडक्याला हात पुशी. तास संपल्यावर आम्ही तिला हळूच विचारले, "तुझे बाबा डॉक्टर केव्हा झाले?" ती मुळीच ओशाळली नाही. म्हणाली, "गाइडात तसंच आहे, फादर. तसंच लिवलं तं मार्क भेटतात." क्षणभर थांबून पुढे म्हणाली, "आन् हमालाले इंग्रजीत काय म्हन्तात, मले माहीत नाही." आम्ही तत्परतेने 'पोर्टर' हा शब्द पुरवला. तिने तो मनाशी घोळवला आणि मान हलवली. "थो तं टेसनवर असते. माहे बाबा टेसनवर नाही."

आम्ही निरुत्तर झालो. रात्री झोप लागेना, कारण हे सारे आम्ही पूर्वी कोठेतरी ऐकले होते. ऐकले नव्हते, आम्हीच बोललो होतो.

नागपूरला ज्या टेकडीला सेमिनरी हिल्स हे नाव पडले आहे, तेथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीत आम्ही शिकलो. शिकवणे इंग्रजीतून. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने उभे राहून आपल्या घराविषयी चार वाक्ये सांगावयाची होती. केरळची, गोव्याची, मंगळूरची मुले सफाईने बोलली. आमची पाळी आली तेव्हा आम्ही म्हणालो, "माय फादर इज अ फार्मर." व्याकरण निर्दोष होते. परंतु आमचे वडील शेतकरी नव्हते. ते सालगडी होते. पाडव्याला सालाचा करार करावयाचा आणि पुढच्या पाडव्यापर्यंत दुसऱ्याच्या शेतात राबावयाचे, असा त्यांचा जन्म गेला. त्यांच्या नावावर एक गुंठाही जमीन नव्हती. सालगडी या शब्दाला इंग्रजीत प्रतिशब्द सापडला नाही, अशी सबब आम्ही त्या वेळी मनाला दिली. खरे कारण असे की, इंग्रजी ही आम्हांला लपण्यासाठी फार सोयीची जागा वाटली. त्या भाषेत आम्हांला कोणी ओळखत नव्हते. वडील वारले तेव्हाही तो शब्द आम्ही सुधारला नव्हता. गाइड नसताना आम्ही जे केले, तेच या मुलीने गाइड पाहून केले. फरक एवढाच की विचारताक्षणी तिने खरे सांगितले.

याहून अवघड गोष्टही सांगून टाकतो. तुमसरला येण्यापूर्वी बरीच वर्षे आधी एका शाळेची जबाबदारी आमच्याकडे होती. मुलांचे इंग्रजी सुधारावे म्हणून आम्ही नियम केला: आवारात मराठी बोललेल्या प्रत्येक वाक्याला एक रुपया दंड. वर्गोवर्गी पत्र्याची डबी ठेवली. वर्षाअखेरीस सहाशेच्या वर रुपये जमले व त्यांतून आम्ही इंग्रजी शब्दकोश घेतले. पालक प्रसन्न झाले. पाचवीतल्या एका मुलाने मात्र सबंध वर्षात एकही रुपया भरला नाही. वार्षिक समारंभात शिस्तीचे बक्षीस त्याला आम्ही आमच्या हाताने दिले. पुढे त्याच्या वर्गशिक्षिकेने सांगितले की, तो मुलगा वर्षभर बोललाच नव्हता. आज तो कोठे आहे, कोण जाणे. त्याच्या घरी कोणत्या गोष्टी सांगत असत, हे विचारण्याचे आम्हांला तेव्हा सुचले नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाने तरी असा नियम करावयाचा नव्हता. कारण आमचे मराठी साहित्य उलट्या वाटेने आलेले आहे. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात जन्मलेला थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यास आला. भारतात स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून त्याची ओळख दिली जाते. पण या इंग्रजाने साष्टीच्या लोकांना इंग्रजी शिकवले नाही, स्वतः मराठी शिकला. 1616 साली राचोल येथे छापलेल्या त्याच्या ख्रिस्तपुराणात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. अक्षरे रोमी, शब्द मराठी. त्या पुराणाचा आरंभच एका वर्गात होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. मुलांना धर्मशिक्षण देणे चालू असता एक ब्राह्मण उभा राहतो आणि विचारतो की, तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? प्रश्न बोचरा होता आणि खराही होता. त्या काळी गोव्यात देशी भाषांतले ग्रंथ नष्ट केले गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. स्टीफन्सने त्या प्रश्नाला नियमांची यादी दिली नाही, कथा दिली, आणि ती विचारणाऱ्याच्या भाषेत दिली. पुढे 1684 साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. आमची पत्र्याची डबी त्या फर्मानाच्या कुळातली होती.

तर आम्ही आठवीच्या वर्गात एक प्रयोग आरंभला. शुक्रवारचा तास गोष्टीचा. प्रत्येकाने घरातली एक गोष्ट आणावयाची, आजी-आजोबांना विचारून, त्यांच्याच बोलीत ऐकून. वर्गात ती इंग्रजीत सांगावयाची. चुकल्यास कोणी हसावयाचे नाही. आणि ज्या वस्तूला इंग्रजीत नाव सापडत नाही, तिला तिचे स्वतःचे नाव ठेवावयाचे. या शेवटल्या नियमाचा आम्हांला फार अभिमान वाटत होता. त्यानेच आम्हांला पुढे अडचणीत आणले.

पहिल्या शुक्रवारी कोणाकडेच गोष्ट नव्हती. "आमच्या घरी काही गोष्ट नाही, फादर," असे मुले एकामागून एक सांगत होती, जणू घरी तांदूळ संपले आहेत असे सांगावे. अखेर बावनथडीकाठच्या एका खेड्यातून येणारा मुलगा धीर करून उभा राहिला. त्याच्या गोष्टीत बर्फ पडत होते, पांढरा ससा होता आणि सफरचंदाचे झाड होते. नायजेरियाच्या लेखिका चिमामांडा न्गोझी अडिची यांनी 2009 सालच्या एका भाषणात आपल्या बालपणाविषयी असेच सांगितले आहे. सात वर्षांच्या असताना त्या गोष्टी लिहीत, त्यांतली माणसे गोरी, निळ्या डोळ्यांची; ती बर्फात खेळत आणि सफरचंदे खात. स्वतः लेखिकेने बर्फ पाहिले नव्हते, घरी आंबे खात असत. वाचलेली पुस्तके इंग्रजी होती, म्हणून पुस्तकात शिरावयाचे तर बर्फातूनच शिरावे लागते, असा त्यांचा समज झाला होता. आमच्या मुलाला आम्ही विचारले, "बर्फ कोठे पाहिलेस?" तो म्हणाला, "गोल्याच्या गाडीवर."

पावसाळा सरता सरता मात्र गोष्टी येऊ लागल्या. डोंगरी बुजुर्गकडून येणाऱ्या मुलाने टॉर्चमधला जुना सेल फोडून आणला आणि आतली काळी पूड हातावर घेऊन सांगितले की, ही आमच्या गावची माती आहे. आजोबा ती खणत होते. यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. डोंगरीच्या उघड्या खाणीतले मँगेनीज डायऑक्साइड सेल बनवण्याकडे जाते. घरोघरच्या टॉर्चमध्ये आपल्या गावचा अंधार भरलेला असतो आणि त्यातूनच उजेड पडतो, असे त्याने मोडक्या इंग्रजीत म्हटले, तेव्हा आम्ही खडू खाली ठेवला. एका मुलीने पणजोबांची गोष्ट आणली. 1954 साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. पणजोबा दोन दिवस पायी चालून त्यांच्या सभेला गेले. बाबासाहेब ती निवडणूक हरले; पणजोबा मात्र मरेपर्यंत आपण जिंकलेल्या माणसाला पाहिले असेच सांगत राहिले. वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाचे आजोबा मंडईत दंडारीत नाचत, लुगडे नेसून स्त्रीपार्ट करत, आणि गल्लीत कोणी चिडवू नये म्हणून घरच्यांनी ते वर्षानुवर्षे लपवले होते. त्याने ते सांगितले तेव्हा कोणी हसले नाही. आम्हांला वाटले होते हसतील.

शब्दांवर तर रोज घनघोर चर्चा झडे. पऱ्ह्यांना इंग्रजीत शब्द सापडला; रोवणीलाही सापडला. बांधीवर वर्ग अडला. शब्दकोशाने सुचवलेला 'फील्ड' कोणालाच मान्य होईना, कारण त्यात पाणी थांबत नाही. अखेर फळ्यावर असे ठरले की, बांधी म्हणजे पाण्याला चार महिने मुक्कामाला ठेवून घेणारे शेत. आम्ही धर्मगुरू असून इतकी नेमकी व्याख्या आम्हांला कधी साधली नाही. एचएमटी तांदळाची गोष्टही तेव्हाच निघाली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड फकिरी गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निरखून निरखून हे वाण निवडले आणि त्याला त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचे नाव पडले. तीन इंग्रजी अक्षरे झाडीपट्टीच्या मातीत अशी रुजली की, आज कोणा शेतकऱ्याला ती परकी वाटत नाहीत.

मुलांची एक खोड मात्र जाता जात नव्हती. कोणतीही गोष्ट संपली की ती सरळ उभी राहत आणि एका दमात म्हणत, 'मॉरल ऑफ द स्टोरी इज', आणि पुढे प्रामाणिकपणा, एकी, कष्ट यांपैकी जे हाताशी असेल ते. पणजोबांच्या दोन दिवसांच्या चालण्यालाही 'व्यायाम आरोग्यास हितकारक' हे तात्पर्य चिकटवण्यात आले. फादरांनी तात्पर्य नको म्हणावे याचे मुलांना नवल वाटले. आम्ही त्यांना संत लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला सांगितला. धाकटा परत येतो, मेजवानी सुरू होते, थोरला रुसून अंगणात उभा राहतो, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि प्रभू तेथेच थांबतो. थोरला आत गेला की नाही, हे सांगतच नाही. वर्गात दोन तट पडले. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी भांडण संपेना.

डिसेंबरात पालकसभा होती. दरवर्षी मुले पाठ केलेले भाषण म्हणतात. या वर्षी गोष्टी सांगाव्यात, असे आम्ही ठरवले. खिडकीजवळच्या त्या मुलीने आपणहून नाव दिले. तिने काय लिहिले आहे ते आम्ही वाचले होते, व्याकरण तपासले होते, आणि खरे सांगावयाचे तर आम्ही मनात फार हरखून गेलो होतो.

तिची गोष्ट अशी: बाबा बाजारात हमाल आहेत. पोते बंद असले तरी नुसत्या वासावरून आत एचएमटी आहे की दुसरे वाण, हे ते ओळखतात; व्यापारीसुद्धा कधी कधी त्यांना विचारतात. मी लहान असताना एके संध्याकाळी ट्रकला लावलेली फळी मोडली, पन्नास किलोचे पोते बाबांच्या खांद्यावरून पडून फाटले आणि धान चिखलात गेले. मालकाने त्या दिवसाची मजुरी कापली. बाबा घरी आले ते काही बोलले नाहीत. आईने राशनच्या तांदळाचा भात केला होता. बाबांनी ताट जवळ ओढले, वास घेतला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, 'एचएमटी.' आम्ही सर्व हसलो. पुष्कळ वर्षांनी मला कळले की तो एचएमटी नव्हता.

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत धानाचे दोन अडत्ये बसले होते, त्यांनीही वाजवल्या. आम्ही मागे पाहिले. तिचे वडील शेवटच्या रांगेत धुतलेला पांढरा सदरा घालून बसले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते. परंतु आमच्या त्या लाडक्या नियमाप्रमाणे जे शब्द मुलीने मुळातले ठेवले होते, ते तेवढे त्यांना कळले होते: हमाल, पोते, फळी, राशन. चारशे माणसांत, ज्यांची पोती ते उचलतात त्यांच्यादेखत, इंग्रजीच्या लोंढ्यातून हे चार शब्द त्यांच्यापर्यंत वाहत आले होते आणि भोवताली लोक टाळ्या वाजवत होते. चहाला ते थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कार्यालयाच्या दारात उभे राहिले. बसा म्हटले तर बसले नाहीत. "फादर," ते म्हणाले, "पोरीले इंग्रजीत टाकलो, थे आपली गरिबी इंग्रजीत सांगाले टाकलो काय?"

सेमिनरीत आम्ही नऊ वर्षे तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो. या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. सत्याचे महत्त्व त्यांना सांगावे तर ते सत्य आमचे नव्हते, त्यांचे होते. आणि ते चव्हाट्यावर मांडताना आम्ही त्यांना विचारले नव्हते. मुलीची परवानगी घेतली होती, बापाची नाही. आमच्या वडिलांचा सालगडी हा शब्द तीस वर्षे दडवून ठेवणाऱ्या आम्ही दुसऱ्याच्या बापाचा शब्द मात्र व्यासपीठावरून खुशाल उच्चारू दिला होता. आम्ही म्हणालो, "आमची चूक झाली." त्यावर ते म्हणाले, "काय सांगतलन तिनं, थे पुरं मराठीत सांगा."

आम्ही सांगितले. वाक्यागणिक, न गाळता. मजुरी कापल्याचे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा हलला नाही. ताटाचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी खांद्यावरचे फडके काढून हातात घेतले आणि त्याची घडी घालू लागले. शेवटचे वाक्य, 'तो एचएमटी नव्हता' हे, सांगताना आमचाच आवाज अडखळला. त्यांनी घडी पुरी केली, फडके पुन्हा खांद्यावर ठेवले आणि काही न बोलता निघून गेले.

त्यानंतर चार दिवस मुलगी शाळेत आली नाही. शुक्रवारचा तास आम्ही घेतला नाही. व्याकरणाचे पान उघडले आणि कर्मणी प्रयोग शिकवला. घरी जाऊन यावे असे रोज मनात येई आणि पुन्हा आपण दारात उभे राहून त्यांना लाजवावे काय, असे वाटून पाय मागे येई. एका रात्री आम्ही प्रार्थनेला बसलो आणि ज्या भाषेत लहानपणी वडिलांना हाक मारीत असू, त्या भाषेत, 'माझा बाप सालगडी होता' असे मोठ्याने म्हणून पाहिले. प्रार्थनागृह रिकामे होते. सांगण्यासारखे एवढेच की, ते म्हणावयास सोपे गेले नाही.

सोमवारी घंटा होण्यापूर्वीच बाप-लेक आवारात उभे दिसले. मुलीच्या दप्तरातून वही बाहेर आलेली होती. आम्ही घाईने पुढे गेलो. त्यांनी नमस्कार केला आणि बाजारात मापातली चूक दाखवावी तशा स्वरात म्हणाले, "फादर, पोरीनं चुकीचं सांगतलन. थे पोतं पन्नासचं नव्हतं. तवा क्विंटलचं असे, शंभर किलो. आन् फळी मोडली नव्हती. माहा पाय घसरला." थोडे थांबून ते म्हणाले, "मजुरी कापली, थे बरोबर आहे. थे राहू द्या."

मुलीने पायरीवर बसून वही गुडघ्यावर ठेवली. पन्नास खोडले, त्यावर शंभर लिहिले. मग फळीच्या वाक्यावर पेन्सिल टेकवून तिने वर पाहिले आणि पाय घसरणे याला इंग्रजीत काय म्हणतात, ते आम्हांला विचारले.